त्यागाची कथा आणि कामाची कथा

मध्यमवर्गीय घरांतील पुस्तकांच्या फळीवर अलीकडे एका जातीचीं पुस्तकें फार दिसूं लागलीं आहेत. पुढारीपण कसें मिळवावें, मन खंबीर कसें करावें, संकटांत उमेद कशी राखावी, स्वतःच्या पायांवर कसें उभें राहावें, असे त्यांचे विषय असतात. मुलगा नोकरीला लागला कीं वडील असें एखादें पुस्तक त्याच्या हातीं देतात. आणि देणाराचा हेतु शुद्ध असतो यांत शंका नाहीं. परंतु पुस्तक वाचून संपल्यावर पदरांत काय पडलें, असें विचारलें तर समाधानकारक उत्तर मिळत नाहीं. त्यांत सुवचनें पुष्कळ असतात, माणसें थोडीं असतात, आणि काम तर जवळजवळ नसतेंच. पोहण्याची थोरवी वाचून कोणी तरंगूं लागत नाहीं; पाण्यांत पडलेल्या माणसानें पहिले चार हात कसे मारले हें पाहावयास मिळालें तर मात्र कांहींतरी कळतें. म्हणून हे गुण ज्याला समजून घ्यावयाचे असतील त्यानें उपदेशग्रंथांपेक्षां चरित्रांकडे वळावें, असें आमचें मत आहे. मात्र चरित्रांकडे वळलें म्हणजे दुसरी एक अडचण उभी राहते. आमच्याकडे थोर माणसाचें चरित्र सांगतांना त्याचें काम बाजूला राहतें व त्याचा त्याग तेवढा सांगितला जातो. ही अडचण एका सुप्रसिद्ध उदाहरणावरून तपासून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सोलापुरांत कर्तबगारीचा दाखला द्यावयाचा झाला तर वालचंद हिराचंद यांचें नांव सहज ओठांवर येतें. १८८२ सालीं या शहरांत जन्मलेल्या या गृहस्थांनीं बांधकामाच्या कंत्राटांपासून जहाजें, विमानें आणि मोटारी यांच्या कारखान्यांपर्यंत मजल मारली. त्यांच्या चरित्राचें मोल कमी लेखावें असें आमच्या मनांतही नाहीं. तथापि तें मालकाचें पुढारीपण होय. आमच्या वाचकांपैकीं बहुतेक जण कोणाच्या तरी हाताखालीं काम करणारे आहेत. त्यांच्याजवळ भांडवल नाहीं. हुकूम देण्यापेक्षां घेण्याचेच प्रसंग त्यांच्या वांट्याला अधिक येतात. अशा माणसाला पुढारीपण शक्य आहे काय, आणि असल्यास तें कोणत्या प्रकारचें, या प्रश्नाचें उत्तर त्याच शहराच्या दुसऱ्या एका सुपुत्राच्या आयुष्यांत सांपडतें. ते म्हणजे डॉ. द्वारकानाथ कोटणीस.

डॉ. कोटणीसांचें नांव ठाऊक नाहीं असा सोलापूरकर विरळा. परंतु नांव ठाऊक असणें निराळें आणि काम ठाऊक असणें निराळें. १० ऑक्टोबर १९१० रोजीं सोलापुरांत त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजांत त्यांचें वैद्यकीय शिक्षण झालें. १९३७ सालीं जपाननें चीनवर स्वारी केल्यानंतर चिनी सेनापति चू तेह यांनीं पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली, आणि सुभाषचंद्र बोस अध्यक्ष असतांना १९३८ च्या सप्टेंबरांत काँग्रेसनें पांच डॉक्टरांचें पथक मुंबईहून रवाना केलें. स्पेनमधील यादवी युद्धांत काम केलेले डॉ. अटल हे पथकाचे प्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकर, बंगालचे डॉ. मुखर्जी व डॉ. बसू, आणि अठ्ठाविसाव्या वर्षांत असलेले डॉ. कोटणीस हे बाकीचे चौघे. १९३९ च्या आरंभीं हें पथक येनानला पोंचलें. पुढें कोणी प्रकृतीमुळें, कोणी अन्य कारणानें एकेक जण परतला. डॉ. बसू १९४३ सालीं परत आले. डॉ. कोटणीस आले नाहींत. १९४१ च्या आरंभीं त्यांच्यावर बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाच्या प्रमुखपदाचा भार आला; त्याच वर्षाच्या अखेरीस कुओ छिंगलान या परिचारिकेशीं त्यांचा विवाह झाला; १९४२ च्या ऑगस्टांत मुलगा झाला; आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं, अपस्माराच्या झटक्यांनीं त्यांचा अंत झाला.

या आयुष्यावर लिहिलें गेलें आहे तें कांहीं थोडें नाहीं. ख्वाजा अहमद अब्बास यांचें 'अँड वन डिड नॉट कम बॅक' हें इंग्रजी पुस्तक १९४४ सालीं निघालें. त्याच्या आधारें शांतारामबापूंनीं १९४६ सालीं राजकमलतर्फे 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा बोलपट काढला. डॉक्टरांचे बंधु मंगेश कोटणीस यांचें 'द ब्रिज फॉर एव्हर' १९८२ सालीं, आणि डॉ. बसूंचें रोजनिशीच्या आधारें लिहिलेलें 'कॉल ऑफ येनान' १९८६ सालीं प्रसिद्ध झालें. डॉक्टरांच्या पत्नीनेंही आपल्या आठवणी लिहिल्या. यांपैकीं पहिल्या दोन कृतींच्या नांवांकडे वाचकांनीं क्षणभर लक्ष द्यावें. एकींत 'परत न आलेला' हा शब्द, तर दुसरींत 'अमर'. एक नांव मरणाकडे बोट दाखवितें, दुसरें मरणानंतरच्या कीर्तीकडे. मधल्या चार वर्षांत त्या माणसानें रोज सकाळीं उठून काय केलें याकडे दोहोंपैकीं एकाचीही दृष्टि नाहीं. कथेचा झोंक कोणत्या बाजूला आहे हें शीर्षकांतच ठरून गेलें आहे.

बोलपटाचे गुण आम्ही आधीं सांगतों, कारण ते खरे आहेत. ज्या काळीं पडद्यावर देव, संत, राजे आणि प्रेमवीर यांची दाटी असे, त्या काळीं अवघ्या चार वर्षांपूर्वीं वारलेल्या एका तरुण डॉक्टराला नायक करणें हें धाडस होतें. शांतारामबापूंनीं ही भूमिका स्वतः केली व जयश्रीबाईंनीं त्यांच्या चिनी पत्नीची केली. वसंत देसाईंचें संगीत आणि बाबूराव पेंढारकरांचा चिनी सेनापति यांची आठवण जुन्या प्रेक्षकांनीं पुष्कळ दिवस काढली. सोलापूरचें नांव या बोलपटानें हिंदुस्थानभर नेलें. डॉ. कोटणीस आज विस्मृतींत गेले नाहींत याचें बरेंचसें श्रेय त्याला दिलें पाहिजे.

असें असूनही आमची तक्रार आहे, आणि ती बारीकसारीक चुकांविषयीं नाहीं. या बोलपटांतील डॉक्टरांचें सर्वांत मोठें कर्तृत्व म्हणजे एका भयंकर सांथीवर त्यांनीं शोधून काढलेला उपाय. तो शोधतांना ते स्वतः त्या रोगाला बळी पडतात. मध्यंतरीं जपानी सैनिकांच्या हातीं सांपडण्याचा प्रसंगही येतो. शेवटीं, मरणोन्मुख डॉक्टर आपल्या पत्नीला सोलापूरच्या घरची वाट वर्णन करून सांगतात, आणि ती मुलाला घेऊन त्या घराच्या दारांत येऊन उभी राहते. हा शेवट पाहून ज्याचे डोळे पाणावले नाहींत असा प्रेक्षक थोडा. परंतु प्रत्यक्षांत डॉक्टर सांथीनें वारले नाहींत. त्यांना ग्रासणारा रोग अपस्मार हा होता. आणि त्यांच्या पत्नी चीनमध्येंच राहिल्या व २०१२ सालीं वारल्या. कलावंताला वस्तुस्थितींत फेरफार करण्याचा अधिकार आहे, हें आम्हांस मान्य आहे. आमचा प्रश्न एवढाच आहे कीं, हे फेरफार कोणत्या बाजूला झाले? जेथें चिकाटी होती तेथें चमत्कार घातला गेला. जेथें पाठ घेणें, जखमा धुणें, हिशेब ठेवणें, माणसें तयार करणें होतें तेथें एक अद्भुत शोध आला. आणि जी कथा रुग्णालयांत संपावयाची ती घराच्या उंबरठ्यावर संपविली गेली. रोजच्या कामाला नाट्य नाहीं असें ठरवून लेखकांनीं दुसरें नाट्य आणलें, आणि त्यामुळें प्रेक्षकाच्या मनांत भक्ति उत्पन्न झाली, पण अनुकरणाची वाट बंद झाली. सांथीवरचा उपाय शोधणें हें हजारांत एकाच्या हातचें असतें. रोजचें काम मात्र प्रत्येकाच्या दारांत उभें असतें.

हा दोष एकट्या बोलपटवाल्यांचा नाहीं. तो आमच्या सर्वांच्या आवडीचा आहे. सोलापूर हें हुतात्म्यांचें शहर. १९३० सालीं या शहरानें मार्शल लॉ पाहिला. १२ जानेवारी १९३१ रोजीं मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्याच्या तुरुंगांत फांशीं दिलें गेलें. या चौघांपुढें माथा नम्र होतो आणि तो तसा झालाच पाहिजे. परंतु हुतात्म्याची थोरवी एका क्षणांत एकवटलेली असते. त्या क्षणीं त्यानें माघार घेतली नाहीं, हेंच त्याच्या आयुष्याचें सार. काम करणाऱ्याची थोरवी अशी एकवटत नाहीं. ती हजार लहान दिवसांवर पसरलेली असते, आणि त्यांतला कोणताही एक दिवस वेगळा काढून दाखविला तर तो साधाच दिसतो. डॉ. कोटणीसांना आम्हीं हुतात्म्याच्या मापानें मोजलें. त्यांचा मान त्यानें राहिला, परंतु त्यांच्यापासून शिकण्यासारखें जें होतें तें मापांत मावलें नाहीं म्हणून बाहेर राहिलें.

तें काय होतें? आमच्या मतें तीन गोष्टी मुख्य आहेत.

पहिली गोष्ट भाषेची. परक्या मुलखांत गेलेल्या डॉक्टराला दुभाष्यावर काम भागवितां येतें, आणि कांहीं महिन्यांसाठीं गेलेल्या माणसानें तसें केलें तर त्याला कोणी नांवें ठेवणार नाहीं. डॉ. कोटणीस चिनी भाषा बोलावयास शिकले, वाचावयास शिकले, आणि अखेर तिच्यांतून शिकवूं लागले. स्वावलंबन म्हणतात तें याला. हा शब्द आमच्याकडे फार सैल वापरला जातो. कोणाची मदत न घेणें, कोणाचें न ऐकणें, एकट्यानें चालणें, असा त्याचा अर्थ पुष्कळांच्या मनांत असतो. वस्तुतः एकटेपणाशीं स्वावलंबनाचा संबंध नाहीं. ज्या कामाचा भार आपण घेतला त्या कामाला लागणारी विद्या दुसऱ्याच्या तोंडावर अवलंबून न ठेवतां स्वतः मिळविणें, हें स्वावलंबन. ती विद्या चारचौघांच्या मदतीनेंच मिळते. भाषा तर कोणालाही एकट्यानें शिकतां येत नाहीं. कचेरींत वर्षानुवर्षें दुसऱ्यानें लिहून दिलेल्या मसुद्यावर सही करणाऱ्या आमच्या गृहस्थांनीं या गोष्टीचा विचार करावा.

दुसरी गोष्ट वारशाची. कॅनडाचे विख्यात शल्यवैद्य नॉर्मन बेथून हे त्या डोंगराळ मुलखांत जखमींची सेवा करीत असतां १९३९ च्या नोव्हेंबरांत रक्तदोषानें वारले. जखमींनीं डॉक्टरकडे येण्याची वाट न पाहतां डॉक्टरानें जखमींकडे गेलें पाहिजे, हा त्यांचा बाणा होता, आणि त्या प्रदेशांत त्यांच्या नांवाला देवासारखा मान मिळूं लागला होता. अशा पुरुषाच्या नांवानें चालणाऱ्या रुग्णालयाचें प्रमुखपद तिशींतल्या एका परदेशी तरुणाकडे आलें. पूर्वीच्या थोर अधिकाऱ्याच्या जागीं बसण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला आहे त्यांना ही अडचण समजेल. अशा वेळीं मनुष्य एक तर आधींच्या माणसाची नक्कल करतो किंवा त्याची छाप पुसून टाकण्याच्या मागें लागतो. डॉ. कोटणीसांनीं दोहोंपैकीं कांहींच केलें नाहीं. त्यांनीं काम पुढें चालविलें. १९४० च्या लढायांत एका प्रसंगीं १३ दिवसांत ८०० वर जखमी त्यांच्या पथकाकडे आले आणि ७२ तास ते सलग शस्त्रक्रिया करीत होते, असें त्यांच्या चरित्रांतून सांगितलें जातें. हा आंकडा भाषणांतून नेहमीं ऐकूं येतो. परंतु त्या बहात्तर तासांच्या आधीं किती पट्ट्या उकळून ठेवल्या गेल्या असतील, कोणीं कोठें उभें राहावयाचें हें किती वेळां समजावून दिलें गेलें असेल, याची कल्पना केल्यावांचून आंकड्याचा अर्थ कळत नाहीं. औषधांची टंचाई, शत्रूचा वेढा, रुग्णालयासाठीं खेडेगांवांतलीं घरें, अशा स्थितींत एकटा माणूस कितीही धैर्यवान असला तरी आठशें जखमींना पुरा पडत नाहीं. घडी बसलेलें पथकच पुरें पडतें. आणि पथकाची घडी बसविणें यालाच पुढारीपण म्हणावयाचें.

तिसरी गोष्ट आमच्या दृष्टीनें सर्वांत मोठी, आणि लोकांना सर्वांत कमी ठाऊक असलेली. डॉक्टर तेथें केवळ शस्त्रक्रिया करीत नव्हते. बेथून यांच्या नांवाच्या वैद्यकीय विद्यालयांत ते शिकवीत होते, आणि विद्यार्थ्यांसाठीं शस्त्रवैद्यकावर चिनी भाषेंत पाठ्यपुस्तकें लिहिण्याचें काम त्यांनीं हातीं घेतलें होतें. मृत्यु आला तेव्हां तें लेखन अपुरें होतें. ज्या माणसाला आपण अपरिहार्य आहों असें वाटावयास हवें असतें, तो आपली विद्या मुठींत झांकून ठेवतो. आमच्या कारखान्यांत, कचेऱ्यांत आणि शाळांतही अशा मुठी थोड्या नाहींत. पाठ्यपुस्तक लिहिणारा माणूस नेमकें उलट करतो. आपल्यावांचून काम चालावें अशी तजवीज तो करून ठेवतो. बोलपटाच्या लेखकांना खरा शेवट हवा होता तर तो येथें होता. अपुरें राहिलेलें पुस्तक, आणि तें शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या हातून पुढें चाललेलें काम. तें रुग्णालय आज शीच्याचुआंग शहरांत उभें आहे. डॉक्टरांच्या मरणानें तें बंद पडलें नाहीं, हाच त्यांच्या पुढारीपणाचा पुरावा होय.

येथपर्यंत आम्हीं स्तुतीच केली. परंतु डॉक्टरांच्या आयुष्यांत दोष दाखविण्याजोगें कांहींच नाहीं असें म्हणणें म्हणजे पुन्हां देव्हाऱ्याचीच भाषा बोलणें होईल. अपस्माराचे झटके येऊं लागल्यावर विश्रांतीचा सल्ला त्यांना मिळाला होता आणि तो त्यांनीं मानला नाहीं. चरित्रकार ही गोष्ट अभिमानानें सांगतात. आम्हांस ती अभिमानानें सांगवत नाहीं. लढाईच्या ऐन गर्दींत असा निर्णय घेणाऱ्या माणसाचा न्याय करण्यास आम्ही कोण, हें खरें. पण डॉक्टर रोग्याला जो सल्ला देतो तो त्यानें स्वतःसाठीं झिडकारावा, आणि त्याचें मोल तरुण पत्नीनें व साडेतीन महिन्यांच्या मुलानें द्यावें, यांत अनुकरणीय कांहीं नाहीं. मनाचा खंबीरपणा निराळा आणि शरीराची हेळसांड निराळी. ताप अंगावर काढून कामावर येणाऱ्याची पाठ थोपटण्याची जी रीत आमच्या कचेऱ्यांतून आहे, तिला डॉ. कोटणीसांच्या नांवाचा आधार मिळूं नये, म्हणून हें लिहिणें आम्हांस भाग पडलें. त्यागकथांचा हा आणखी एक तोटा आहे: त्या माणसाची चूकही पुण्याच्या खातीं जमा करतात.

आतां एक आक्षेप येईल. रोजचें काम हें रुक्ष असतें, त्याचें वर्णन कोण वाचणार, आणि त्यावर बोलपट तरी कसा काढावयाचा? हा आक्षेप मराठी वाचकाच्या तोंडीं शोभत नाहीं. धोंडो केशव कर्वे यांचें 'आत्मवृत्त' १९१५ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत रणांगण नाहीं कीं फांसाचा दोर नाहीं. हिंगण्याच्या माळावरची झोंपडी, रोजची पायपीट, आणि थोड्याथोड्यानें जमविलेली वर्गणी, हाच त्याचा मजकूर. लेखकानें भाषेला कोठें रंग चढविलेला नाहीं. तरीही तें पुस्तक वाचणाऱ्याला एक प्रकारचें बळ देतें, कारण त्यांतला प्रत्येक दिवस वाचकाच्या दिवसासारखा आहे, आणि असल्या दिवसांतूनच मोठें काम उभें राहतें हें तो डोळ्यांनीं पाहतो. डॉ. कोटणीसांविषयींच्या पुस्तकांत हा गुण आम्हांस डॉ. बसूंच्या ग्रंथांत अधिक आढळतो. तो बरोबर राहून काम केलेल्या माणसानें रोजनिशीच्या आधारें लिहिला आहे. त्यामुळें मुक्काम, मजल, आजार, मतभेद, वाट पाहण्यांत गेलेले दिवस यांना त्यांत जागा मिळाली. वाङ्मय या दृष्टीनें तो ग्रंथ अब्बास यांच्या लेखणीची बरोबरी करणार नाहीं. पण अब्बास यांचा वाचक डॉक्टरांना नमस्कार करून पुस्तक मिटतो. बसूंचा वाचक त्यांच्या शेजारीं चार पावलें चालून येतो.

सोलापुरांत डॉक्टरांच्या घरीं आज त्यांचें स्मारक आहे, आणि शाळांतील मुलांना तेथें नेण्याचा उपक्रम चांगला आहे. त्या मुलांना तेथें काय सांगितलें जातें यावर मात्र पुष्कळ अवलंबून आहे. दूर देशीं जाऊन प्राण दिलेला महात्मा एवढेंच सांगितलें, तर मुलें हात जोडतील आणि घरीं येऊन विसरतील. कारण चीनला जावयाचा प्रसंग त्यांच्यापैकीं बहुतेकांवर येणार नाहीं, आणि प्राण देण्याचा तर येऊंच नये. परंतु परकी भाषा शिकावयास तो किती नेटानें बसला, मोठ्या माणसाच्या जागेवर बसून तो गडबडला कां नाहीं, आणि स्वतःला येत होतें तें त्यानें लिहून कां ठेवलें, हें सांगितलें तर त्या मुलांपैकीं एखादा उद्यां सूतगिरणींत, बँकेंत किंवा सरकारी दवाखान्यांत कामाला लागेल तेव्हां त्याला त्याचा उपयोग होईल. वरिष्ठ जागेवर नाहीं, साधन अपुरें आहे, आणि काम तर समोर येऊन पडलें आहे, असे प्रसंग सर्वांवर येतात. त्या वेळीं हुकुमाची वाट पाहत न बसतां जें करणें प्राप्त आहे तें करावें आणि शेजारच्या माणसालाही शिकवावें, एवढें ज्याला साधलें त्याला पुढारीपणाच्या पुस्तकाची गरज राहत नाहीं.

आमच्या लेखकांना आमची विनंति आहे कीं, त्यांनीं यापुढें थोरांचीं चरित्रें लिहितांना मरणाचें पान थोडें आखडतें घ्यावें आणि कामाचीं पानें वाढवावींत. आणि घरोघरच्या वडीलधाऱ्यांना सुचवावयाचें तें हें कीं, नोकरीला लागलेल्या मुलाच्या हातीं पुस्तक देण्यापूर्वीं तें एकदां चाळून पाहावें, व त्यांतल्या माणसानें सोमवारीं सकाळीं काय केलें याचा पत्ता लागतो कीं नाहीं तें तपासावें. लागत नसेल तर तें पुस्तक दुकानांतच राहूं द्यावें.